लाडू न होणारा बर्फ

रविवार, एकवीस जानेवारी १९९०. सकाळचे साडेसात वाजले होते, गॅसवर गुळाचा पाक होता आणि हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू मला वळून संपवायचे होते. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात, म्हणून त्या वेळी फोन उचलायचा नाही असा माझा नियम आहे. पण रिंग थांबेना, तेव्हा कळलं की फोन माझा नाहीच. हिवाळ्यात भल्या सकाळी आमच्याकडे वाजणारा फोन वरच्या मजल्यावरच्या कॅप्टनसाहेबांचा असायचा. मी गुळाच्या हाताने रिसीव्हर उचलला, शिमल्याहून ठाकूरजी बोलताहेत एवढं ऐकलं, आणि कोपराने दार ढकलून वर हाक मारली. बर्फावर कॅप्टनसाहेबांइतकी निष्ठा या देशात दुसऱ्या कोणाची नसेल, आणि बर्फाने इतकी उपेक्षाही दुसऱ्या कोणाची केली नसेल. ते खाली येईपर्यंत त्यांच्याविषयी थोडं सांगून घेते. तेवढा वेळ नक्की मिळतो, कारण जिना ते आडवे उतरत.

आडवे म्हणजे भिंतीकडे पाठ करून, एक पाऊल खालच्या पायरीवर, मग दुसरं त्याच्याशेजारी, गुडघे किंचित वाकवून. पायांत स्की असताना चढ-उतार असाच करतात म्हणे, आणि सवय मोडता कामा नये. आमच्या घरमालकीण बीजींना वाटायचं की कॅप्टनना संधिवात आहे. त्या दर जानेवारीत लोहडीच्या सणाला सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलात लसूण तळून बाटली वर पाठवायच्या. कॅप्टनच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तो वास सहन व्हायचा नाही, आणि बाटली त्याच दिवशी धुणंभांडीवालीच्या घरी जायची. दूध केंद्राच्या रांगेतही कॅप्टन सरळ उभे राहत नसत. गुडघ्यांत वाकून एकदा डावीकडे भार टाकायचे, एकदा उजवीकडे. रांगेतले लोक आधी त्यांच्यामागे उभे राहायला बिचकत, नंतर सरावले. फिरायला निघाले की दोन्ही हातांत बांबूच्या काठ्या असायच्या, आणि सुखना तलावाच्या कडेने ते त्या काठ्या टेकत असे जायचे की समोरून येणारे आपसूक बाजूला होत.

मूळचे ते वाईचे. वाईत बर्फ मिळतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरुणपणी पाच वर्षं सैन्यात होते, त्यातला एक हिवाळा त्यांना गुलमर्गला स्कीइंग शिकायला पाठवलं होतं. पुढे सैन्य सोडलं, लग्न झालं, विमा कंपनीत लागले आणि पंजाब-हरयाणात मेलेल्या म्हशी आणि उलटलेले ट्रॅक्टर तपासत फिरले. तरी प्रवासात कोणी, आप क्या करते हैं जी, असं विचारलं की सांगायचे, स्कीइंग. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक फोटो होता. त्यात बर्फावर अकरा जण ओळीने उभे आहेत, सगळ्यांच्या कानांवर टोप्या आणि डोळ्यांवर काळे चष्मे. 'डावीकडून चौथा मी,' असं ते सांगत. तो चौथा माणूस मीही असू शकले असते.

बर्फाच्या जाती त्यांनी आपल्या पिठांवरून पाडल्या होत्या. जाडा रवा, बारीक रवा, बेसन, भाकरीचं पीठ आणि सर्वांत वर तांदळाची पिठी. 'ताई, काल कुफ्रीला बेसन पडलं,' असं ते सकाळी मला सांगायचे, तोंड पाडून, कारण बेसन चिकटतं. बेसनावर स्कीची फळी अडते, रव्यावर करकरते. घसरायचं तर पिठीवर, जी पायाखाली आहे हे कळतसुद्धा नाही. हे समजावून सांगायला ते थेट माझ्या स्वयंपाकघरात येत आणि डबे उघडत. मी मोदकांसाठी आणवलेल्या पिठीत त्यांनी एकदा कोपरापर्यंत हात घातला होता. आमच्या सेक्टरमधल्या चक्कीवाल्याने तर त्यांना आत यायला बंदी केली होती. दुसऱ्यांच्या दळणात हात घालून हा माणूस डोळे मिटून उभा राहतो, अशी त्याची तक्रार होती.

शिमल्याच्या वर स्कीचा उतार असलेल्या कुफ्रीजवळ राहणारे ठाकूरजी हे कॅप्टनच्याच ऑफिसच्या शिमला शाखेतले. बर्फ पडला की दाराबाहेर जाऊन मूठभर उचलायचा, दाबायचा आणि फोन करायचा, हे काम कॅप्टननी त्यांच्यावर सोपवलं होतं. फोन फक्त आमच्याकडे, म्हणून तो संवाद सात हिवाळे मी ऐकला. कॅप्टन माकडटोपी घालून येत आणि पहिला प्रश्न विचारत, 'ठाकूरजी, लड्डू बनता है?' पलीकडून उत्तर आलं की चेहरा उतरायचा, आणि रिसीव्हर ठेवून ते मला सांगत, 'लाडू होतोय.' ज्याचा लाडू वळला जातो तो बर्फ ओला. त्यासाठी चार तास प्रवास करायचा नाही. एकदा लाडू होत नव्हता तर पंजाब बंद होता. एकदा लाडू होत नव्हता तर दंगलीच्या भीतीने बसगाड्या थांबल्या होत्या. त्या वर्षांत अतिरेक्यांच्या भीतीने संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घेत, रात्रीच्या बसने कोणी जात नसे, आणि सकाळच्या बातम्या ऐकून मगच शाळा आहे की नाही ते ठरे. कॅप्टन मात्र त्या बातम्या शेवटच्या हवामानासाठी ऐकत.

परिणाम असा की सात वर्षांत त्यांना स्की करताना कोणी पाहिलं नव्हतं. फळ्या होत्या, सहा फूट लांब, पलंगाखाली. काकूंचा केरसुणीचा हात रोज त्यांना लागायचा. पण त्या पलंगाखालीच होत्या. चंडीमंदिरच्या फौजी कुटुंबांसकट आम्ही मराठी मंडळी गणपतीत जमत असू. तिथल्या फिशपाँडमध्ये एका वर्षी त्यांच्या नावाने चिठ्ठी निघाली, 'साऱ्या हिमालयाचा बर्फ चुकीचा, एकटे कॅप्टन बरोबर.' सगळे हसले, कॅप्टन सर्वांत जास्त हसले. काकू हसल्या नाहीत. घरी येताना त्या मला हळूच म्हणाल्या, 'मी तरी कुठं बघितलंय, ताई? लग्न झालं तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मी आपली खरं मानून चालते.' त्या आवाजावरून मला कळलं की मानून चालणं त्यांना दरवर्षी थोडं जड जात होतं.

आणि आता वेळ संपली होती. पुण्यातला मुलगा दोन वर्षं पत्रांतून मागे लागला होता की हे दिवस तिकडे राहायचे नाहीत, इकडे या. कॅप्टन निवृत्त झाले होते, अडून बसायला कारण उरलं नव्हतं. मोठ्या मुश्किलीने एक ट्रकवाला पुण्यापर्यंत यायला तयार झाला होता, आणि तो मंगळवारी सकाळी येणार होता. मंगळवारच्या आत नीट बर्फ पडला नाही तर कॅप्टन डावीकडून चौथे म्हणूनच पुण्याला जाणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तर त्या रविवारी कॅप्टन आडवे उतरून आले, रिसीव्हर घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. रिसीव्हर इतका जोरात वाजत होता की पलीकडचं मला ऐकू आलं. ठाकूरजी सांगत होते, 'नहीं बनता, साब. फूँक मारो तो उड़ता है. और रात को फिर गिरेगा.' कॅप्टननी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी लाडू वळत होते. त्यांच्याकडे स्कूटर, माझ्याकडे गाडी. नवरा ऑफिसच्या कामाने डेहराडूनला, मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला. सव्वीस जानेवारी जवळ आलेली, म्हणजे नाक्यानाक्यावर तपासणी. शहाण्या माणसाने घरी बसावं असाच तो आठवडा होता. पण माझी एक किरकोळ रजा शिल्लक होती आणि खरं काय ते मलाही एकदा पाहून टाकायचं होतं. मी म्हटलं, सकाळी सहाला निघू, आणि अंधार पडायच्या आत घाटाच्या पायथ्याचं परवाणू ओलांडून खाली यायचं, मला कोणाचा उशीर चालणार नाही. त्यांनी मान हलवली आणि आडवं चढायचं विसरून जिना सरळ चढून गेले.

सोमवारी गाडीच्या टपावर फळ्या बांधल्या. ओरखडे पडू नयेत म्हणून त्या काकूंच्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळल्या होत्या. काकू मागे बसल्या, दोन स्वेटर, एक शाल आणि मांडीवर दशम्यांचा डबा. सात वर्षांत त्यांनी थंडीच्या गावाला जायचं नाव काढलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना कोणी येता का विचारलंसुद्धा नाही. त्या आधीच खाली येऊन उभ्या होत्या.

पिंजोरच्या पुढच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. टपावर कापडात गुंडाळलेलं सहा फुटांचं लांबट काहीतरी, आणि ते दिवस तसे. हवालदाराने दोन शिपाई गाडीच्या दोन बाजूंना उभे केले आणि सोडायला सांगितलं. नऊवारी सोडायला वेळ लागतो. एक शिपाई पदर धरून मागे मागे जात राहिला, मागे ट्रकांची रांग लागली. फळ्या उघड्या पडल्यावर हवालदार म्हणाला, 'ए की ए, जी?' कॅप्टननी सांगितलं, बर्फावर घसरायचं साधन. हवालदाराला पटेना. फिसलना तो बिना लकड़ी के भी होता है, असं त्याचं म्हणणं. बूट, पट्ट्या, खटके यांची माहिती देऊन झाली, गुलमर्ग झालं. रस्त्यावर चालवून दाखवा, असा हुकूम सुटला. तेव्हा आमचा कॅप्टन भर हायवेवर डांबरावर ठेवलेल्या फळ्यांवर उभा राहिला, गुडघे वाकवले, काठ्या काखेत धरल्या आणि जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे झुलला. फळ्या अर्थातच हलल्या नाहीत.

'ये तो चला ही नहीं,' हवालदार म्हणाला. 'अब कैसे मान लें?'

'मेरी बीवी भी यही पूछती है,' कॅप्टन म्हणाले.

हवालदाराने गाडीत वाकून काकूंकडे पाहिलं. काकूंनी अगदी गंभीरपणे मान हलवली. मग तो हसला, शिपायांना नऊवारी परत गुंडाळायला लावली, आणि आम्हाला सोडलं. पाऊण तास गेला होता.

शिमला ओलांडल्यावर ढल्लीच्या पुढे रस्ता गोठलेला होता. तिथे गाडी लावून चाकांना साखळ्या बांधलेल्या भाड्याच्या जीपने आम्ही कुफ्रीला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. स्कीचा उतार म्हणजे देवदारांच्या मधली एक मोकळी पट्टी. वर न्यायला पाळणा नाही, दोर नाही. पायी चढायचं आणि घसरत यायचं. खाली पत्र्याची एक चहाची टपरी. दोन-चार स्थानिक मुली मागचं टोक तुटलेल्या फळ्यांवर घसरत होत्या, बाकी कोणी नाही. कॅप्टन जीपमधून उतरले, वाकले, हातमोजा काढून मूठ भरली, दाबली आणि उघडली. हातात काही राहिलं नाही. त्यांनी तो रिकामा हात आम्हा दोघींना दाखवला.

मग बसून बूट चढवले, फळीवर ठेवले, आणि बूट फळीला पकडून ठेवणारा मागचा लोखंडी खटका ओढला. तो हलेना. दुसरा ओढला, तोही नाही. स्प्रिंगमध्ये पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. कॅप्टननी नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि हळूहळू मान वळवून काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, 'गंजले होते ते. मी काल उन्हात बाटली ठेवून तेल पातळ केलं आणि थेंब थेंब सोडलं. मला वाटलं, सोपं जाईल तुम्हाला.'

'खोबरेल?' कॅप्टननी विचारलं.

घरात बीजींचं ते न गोठणारं सरसोंचं तेल असतं तर ही वेळ आली नसती, हे मला दिसत होतं. पण मराठी बाईच्या हाताशी खोबरेलच असतं, दाराच्या बिजागरीपासून डोक्यापर्यंत. मला सर्वांत आश्चर्य याचं वाटलं की ज्या फळ्यांना सात वर्षं केरसुणीखेरीज काकूंचा हात लागला नव्हता, त्यांच्याशी त्या रविवारी दुपारभर बसल्या होत्या. कॅप्टनच्याही ते लक्षात आलं असावं. ते रागावले नाहीत. काकू उठल्या, टपरीवाल्याची उकळत्या पाण्याची किटली उचलून आणली, त्याने अडवायच्या आत, आणि बर्फात सरळ गुडघे टेकून बसल्या. खटक्यावर पाणी धारेने सोडायचं, लगेच शालीच्या टोकाने पुसायचं, ओंजळीत धरून फुंकर घालायची. पुन्हा गोठू नये म्हणून कोरडं करणं महत्त्वाचं होतं आणि ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. तिसऱ्या किटलीला पहिला खटका बसला. दुसऱ्याला आणखी दोन लागल्या.

कॅप्टननी फळ्या खांद्यावर घेतल्या आणि चढायला लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बर्फ पोटरीपर्यंत. दर वीस पावलांनी थांबत होते. वर पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. तिथे ते बराच वेळ नुसते उभे राहिले. टपरीवाला म्हणाला, बाबूजी डर गए. मी घड्याळ पाहिलं. काकूंनी माझा दंड धरला होता आणि तो चांगलाच दुखत होता.

मला स्कीइंगमधलं काही कळत नाही. जे पाहिलं ते सांगते. ते निघाले, आणि आवाज आला नाही. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, पुन्हा डावीकडे, प्रत्येक वळण आधीच्या वळणाएवढंच. दूध केंद्राच्या रांगेत जो माणूस सात वर्षं विचित्र दिसत आला होता तो इथे अजिबात विचित्र दिसत नव्हता. गुडघ्यांच्या वर उडणारा बर्फ मागे हवेत तरंगत राहत होता. त्या मुली घसरायच्या थांबल्या. एकूण दोन मिनिटंही लागली नसतील. खाली येऊन ते आडवे थांबले, टोपी काढली, आणि आपण उतरून आलेल्या रेषेकडे पाहत राहिले. आमच्याकडे पाहायला त्यांना धीर होत नव्हता, असं मला वाटलं.

काकू म्हणाल्या, 'अहो, मला नीट दिसलं नाही. चष्म्यावर वाफ आली होती.'

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. चष्मा स्वच्छ होता.

कॅप्टननी आधी काकूंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दोन वाजत आले होते, आणि तेव्हाच निघालो असतो तरच उजेडात परवाणू गाठता आलं असतं. उशीर चालणार नाही हे मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, 'जाऊन या.'

दुसऱ्यांदा चढायला त्यांना जास्त वेळ लागला. या वेळी काकूंनी माझा दंड धरला नाही. त्या टपरीपासून पुढे चालत गेल्या, एकट्या, उताराच्या पायथ्याशी, आणि शाल खांद्यावरून घसरली तरी सावरली नाही. कॅप्टन पहिल्या रेषेला लागून दुसरी रेषा काढत आले आणि त्यांच्या पुढ्यात दोन हातांवर थांबले. उडालेला बर्फ काकूंच्या साडीवर पडला.

'दिसलं?' कॅप्टननी विचारलं.

'दिसलं,' काकू म्हणाल्या. 'निऱ्या भिजवल्यात माझ्या.'

परतीच्या वाटेवर कॅप्टन बर्फाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सोलनला भजी चांगली मिळतात, एवढंच म्हणाले. परवाणूच्या आधी अंधार पडला, पुढचा रस्ता मी दात आवळून चालवला आणि घरी पोचल्यावर तिघांनीही उभ्याउभ्याच दशम्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी सातला भांडी बांधायला मदत म्हणून वर गेले. दार काकूंनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. रोज हवामानाच्या बातम्यांसाठी उठणारे कॅप्टन अजून झोपले होते. आम्ही दोघींनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सगळं स्वयंपाकघर न बोलता बांधलं. वाजू नयेत म्हणून पातेली एकेक करून पंच्यांत गुंडाळली, चमचे कणकेच्या डब्यात खुपसले, कुकरची शिट्टी काढून ठेवली. आठला खाली ट्रक थांबला. मी धावत जिना उतरले, ट्रकवाल्या सरदारजींना इंजिन बंद करायला लावलं आणि हॉर्नला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग त्यांना आमच्याकडे बसवून दोन मुळ्याचे पराठे वाढले, आणि ते संपल्यावर आणखी दोन लाटायला घेतले.